दोन ग्रॅम पत्ती, अर्धा कप दूध

चहा आणि हवामानबदल असा विषय निघाला की बहुतेकांचे बोट ईशान्येकडे जाते. मांडणी साधारण अशी असते: चहाचा मळा म्हणजे युरिया, चहाचा कारखाना म्हणजे कोळसा आणि आसामपासून आपल्या किराणा दुकानापर्यंतचा रस्ता म्हणजे डिझेल. चहाचे जे काही पाप आहे ते या तिघांचे. अहिल्यानगर जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत, तेव्हा आपण नुसते गिऱ्हाईक. कपातले उरलेले दोन पदार्थ, दूध आणि साखर, तर आपल्या घरचेच; त्यांच्याकडे संशयाने पाहायचे कारणच काय? मग उपायही ओघाने ठरतात. सेंद्रिय पत्ती घ्या, ग्रीन टी प्या, साखरेऐवजी गूळ घाला.

ही मांडणी ऐकायला पटते, शाळेच्या प्रकल्पाच्या तक्त्यावर शोभून दिसते आणि मोजायला बसले की टिकत नाही. नगर जिल्ह्यात प्यायल्या जाणाऱ्या दुधाच्या चहातला हरितगृह वायूंचा सर्वांत मोठा वाटा याच जिल्ह्यात, गोठ्यात तयार होतो. मळा आणि कारखाना मिळून फार तर आठवा हिस्सा, आणि आसाम ते नगर वाहतुकीचा तर शंभरावा हिस्साही नाही. हा माझा दावा आहे, आणि तो आकड्यांनीच सिद्ध व्हायला हवा.

खंडन करायचे तर समोरच्याची बाजू आधी पुरती मांडली पाहिजे, आणि ती पोकळ मुळीच नाही. चहाच्या झुडपाचे पीक म्हणजे कोवळी पाने. हंगामात दर आठवड्याला खुडणी होते आणि खुडलेल्या प्रत्येक पानाबरोबर जमिनीतला नत्र निघून जातो. तो भरून काढायला खत घालावे लागते. घातलेल्या नत्रातला साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, असे आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट उष्णता अडवतो. चहाला आम्ल जमीन मानवते आणि आम्ल जमिनीत हे प्रमाण वाढते. चीन आणि जपानमधल्या कित्येक मळ्यांत हेक्टरी ३०० किलोहून अधिक नत्र पडत आलेला आहे, त्यामुळे तिथले आकडे छाती दडपवणारे निघतात. आसामात मात्र शिफारस १०० ते १४० किलोच्या घरात आहे. तिकडचे आकडे उचलून इकडच्या कपाला चिकटवणे हा या वादातला पहिला घोटाळा.

कारखान्याचे कलम याहून भारी आहे. खुडलेल्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते आणि डब्यातल्या पत्तीत ते ३ टक्क्यांच्या आसपास उरते. साधारण साडेचार किलो हिरव्या पानांची एक किलो पत्ती होते. पाने आधी वाऱ्यावर मरगळू देतात, मग सीटीसी यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडतात, दमट हवेत पसरून त्यांचा रंग तांबूस होऊ देतात आणि शेवटी गरम हवेच्या भट्टीतून काढतात. उरलेले पाणी इथे उडते आणि खरे इंधनही इथेच जळते. आसामात ते बहुतेक ठिकाणी कोळसा असते, काही ठिकाणी नैसर्गिक वायू. किलोभर पत्तीला जवळपास किलोभर कोळसा लागतो. एकोणिसाव्या शतकात हे मळे जंगल तोडून उभे राहिले, हेही विसरता येत नाही.

आता बेरीज करू. आकडे ढोबळ आहेत, पण शंका आली तिथे मी पत्तीच्या विरोधातच धरले आहेत. किलोभर पत्तीमागे कोळशाचे २ किलो, विजेचे अर्धा किलो, खताचे (नायट्रस ऑक्साइड आणि खत बनवण्याचा खर्च मिळून) अर्धा किलो. वाहतुकीसाठी डिब्रुगडकडचा लांबचा मळा घेऊन तीन हजार किलोमीटर अंतर आणि सगळा माल ट्रकने आला असे मानले, टनाला किलोमीटरमागे १०० ग्रॅम धरले, तर ०.३ किलो. एकूण ३.३ किलो. वेष्टन, गोदाम, किरकोळ बाबी आणि प्रतिपक्षाचे समाधान यांसाठी आपण ५ किलो धरू. एका कपाला पत्ती लागते दोन ग्रॅम. म्हणजे कपामागे पत्तीचा भार १० ग्रॅम, आणि त्यातली वाहतूक ०.६ ग्रॅम.

पत्तीचे एवढेच. आता पातेल्याकडे वळू. नगरच्या माळीवाडा बसस्थानकाच्या आसपास कुठल्याही टपरीवर पाच मिनिटे उभे राहिले तरी चहात खरे वजन कशाचे ते दिसते. आधणात ठेचलेले आले पडते, मुठीने साखर पडते, पत्तीचा एक झारा पडतो आणि मग पिशव्यांमागून पिशव्या फोडून दूध ओतले जाते. उकळी काठापर्यंत चढते, चहावाला पातेले उचलून तिला खाली बसवतो, ती पुन्हा चढते. जितके दूध जास्त आणि जितके आटवणे जास्त तितका चहा ‘स्पेशल’. गिऱ्हाईकही दाम देते ते या दाटपणाचे. अमृततुल्यची सगळी कीर्ती दुधावर उभी आहे. पत्तीच्या जातीची चौकशी तिथे कोणी करत नाही.

घरचा कप यापेक्षा सौम्य असतो: ५० मिलिलिटर दूध, त्याहून थोडे जास्त पाणी, दोन लहान चमचे साखर. दुधाचा भार किती? राहाता, संगमनेर, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यातली संकरित गाय घेऊ, कारण जिल्ह्याचे दूध प्रामुख्याने तिचेच. वर्षाला ती ढेकरेतून ६५ किलोच्या आसपास मिथेन सोडते असे धरा. गाईचा मिथेन शेणातून येतो असा सर्वसाधारण समज आहे, पण त्याचा मोठा भाग तोंडावाटे येतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यात हा वायू तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. मिथेनचे शंभर वर्षांचे माप कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट. ६५ गुणिले २७, म्हणजे वर्षाला सुमारे १,७५५ किलो. गाय वर्षाला ३,००० लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ५८५ ग्रॅम झाले, आणि हे फक्त ढेकरेचे. यात उकिरड्यावरच्या शेणाचा वायू, मक्याला आणि नेपियर गवताला घातलेला युरिया, विहिरीच्या मोटारीची वीज, विकतचे पशुखाद्य, कालवडी वाढवण्याचा दोन-अडीच वर्षांचा खर्च, बल्क कूलर आणि टँकर मिळवायचे आहेत. लिटरला १.२ किलो हा त्यामुळे हात आखडून धरलेला आकडा आहे. पन्नास मिलिलिटरचे झाले ६० ग्रॅम.

गॅसचे गणित सोपे. कपभर चहा तापवून, उकळून, थोडा आटवायला तीन-सव्वातीन ग्रॅम एलपीजी जळतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड १० ग्रॅम. साखरेचे ४ ग्रॅम. सगळे मिळून ८४ ग्रॅम: दूध ६०, पत्ती १०, गॅस १०, साखर ४.

माइक बर्नर्स-ली या इंग्रज अभ्यासकाने २०१० साली आपल्या पुस्तकात ब्रिटनच्या चहाचा असाच हिशेब मांडला होता. त्याचा कोरा चहा वीस-पंचवीस ग्रॅमच्या घरात राहतो आणि दूध पडताच आकडा पन्नाशी ओलांडतो. इंग्रज तर कपात दूध जेमतेम रंग बदलण्यापुरते घालतो. आपण ते उकळून पितो.

वर्षाचा हिशेब घेतला तर चित्र आणखी स्पष्ट होते. चार माणसांचे घर, माणशी रोज दोन कप. वर्षाला सहा किलोच्या आत पत्ती लागते. ती आसामातून नगरला आणण्याचा भार पावणेदोन किलो. दुचाकीत एक लिटर पेट्रोल जाळले तर २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ज्या तीन हजार किलोमीटरवर एवढी भाषणे झडतात, ते एका घरापुरते लिटरभर पेट्रोललाही पुरे पडत नाहीत. त्याच घराच्या चहातल्या दुधाचा भार आहे १७५ किलो. दुधाचा लिटरमागचा भार नुसता एक टक्का उतरला तरी आसामची सगळी वाहतूक वसूल होते.

इथे प्रचलित मताचे मूळ हाती लागते. ‘जवळचे ते निर्मळ’ हे त्याचे गृहीतक आहे. पदार्थ कुठून आला हे डोळ्यांना दिसते, म्हणून अंतर मोजले जाते. तो कसा तयार झाला हे दिसत नाही, म्हणून ते सोडून दिले जाते. शेजारच्या वाडीतले दूध पाच किलोमीटर येते, पण त्याचा भार रस्त्यावर पडलेलाच नसतो. तो गोठ्यात पडून चुकलेला असतो. जिल्ह्याचा अभिमान हे याचे दुसरे कारण. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात आशियातला असा पहिला कारखाना धुराडे पेटवून उभा राहिला. दूध संघांनी पुढे त्याच वाटेने गावोगाव पैसा पोचवला. अभिमान रास्तच आहे, पण अभिमानाने मिथेन कमी होत नाही.

याच गृहीतकावर गुळाच्या चहाचे फलक उभे आहेत. गूळ नैसर्गिक, कारखान्यात न बनलेला, म्हणून हरित, असा त्याचा युक्तिवाद. आरोग्याचा मुद्दा वेगळा. हवेपुरते पाहिले तर उसाचे शेत दोघांचे एकच. त्यातला युरिया तोच, पाण्याची मोटार तीच, तोडणीनंतर पाचट पेटवले तर धूरही तोच. गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडे जळतात. साखर कारखान्यातही बगॅसच जळते, आणि तिथे तिच्या वाफेवर वीजही होते. वादासाठी गुळाचा भार शून्य मानला तरी कपामागे वाचले ४ ग्रॅम. वर त्या गुळाच्या चहात दूध पूर्वीइतकेच असते. ग्रीन टीचेही तसेच. तो हलका ठरतो, पण पान हिरवे म्हणून नव्हे, त्यात कोणी दूध घालत नाही म्हणून. कोरा चहा पिणाऱ्याने साधी डस्ट वापरली तरी तेवढाच लाभ होतो.

आता माझ्या मांडणीवरचे आक्षेप. पहिला आक्षेप शास्त्राचा आहे. गाईच्या मिथेनमधला कार्बन चाऱ्यातून आला, चाऱ्याने तो हवेतून घेतला, मग यात भर कसली? कार्बनपुरते हे बरोबर आहे. पण तोच कार्बन मिथेनच्या रूपात असताना कित्येक पट उष्णता अडवतो, आणि हिशेबातला २७ हा गुणक जनावरांच्या मिथेनसाठी तेवढी सूट देऊनच ठरवलेला आहे. खाणीतल्या मिथेनचा गुणक जवळजवळ ३० आहे. या आक्षेपात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. जनावरांची संख्या आणि त्यांचा मिथेन स्थिर राहिला तर हवेतले त्याचे प्रमाणही जवळपास स्थिर राहते; कोळशाच्या धुरासारखा तो शतकानुशतके साठत नाही. पण याच कारणाने मिथेन कमी केल्याचा गुण फार लवकर दिसतो. आक्षेप घेणाऱ्याने हे दुसरे टोकही हाती धरावे.

दुसरा आक्षेप देशी गाईच्या बाजूने येतो. देशी गाय कमी खाते, कमी ढेकरा देते, मग तीच बरी. दिवसाच्या मापाने हे खरे आहे. लिटरच्या मापाने उलटे होते: वर्षाला ४५ किलो मिथेन आणि ६०० लिटर दूध धरले तर ढेकरेचाच भार लिटरमागे दोन किलोंवर जातो. तरीही पाथर्डी-जामखेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची गाय केवळ लिटरवर तोलू नये. ती कडबा आणि बांधावरचे गवत खाऊन जगते, बैल देते, शेणखत देते. तिचा भार या सगळ्यांत वाटला पाहिजे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली ती अधिक दूध आणि इथला उन्हाळा सोसण्याची ताकद एकत्र यावी म्हणून. हवेच्या दृष्टीनेही शहाणपणाचा रस्ता हाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हे बोट शेवटी गरीब दूध उत्पादकाकडे वळणार. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याने १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू केला, तेव्हा रस्त्यावर ओतलेले दूध महाराष्ट्राने पाहिले. दुधाला भाव नाही, खाद्याचे पोते महागलेले, आणि वर आता मिथेनचा ठपका? हा आक्षेप मला मान्य झाला असता, जर मिथेन कमी करायला शेतकऱ्याला खिशातून द्यावे लागले असते. गोठ्याचे अर्थशास्त्र नेमके उलट सांगते. ढेकरेतून गेलेला मिथेन म्हणजे विकत घेतलेल्या चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जा. जी गाय लिटरमागे जास्त मिथेन सोडते ती लिटरमागे जास्त खर्चही खाते.

भाकड काळाचे उदाहरण घ्या. गाय वेळेवर माजावर आली नाही, रेतन उलटत राहिले आणि ती तीन महिने जास्त भाकड राहिली. भाकड गाय कमी खाते म्हणून महिन्याला ४ किलोच मिथेन धरू. तीन महिन्यांचे १२ किलो, म्हणजे ३२४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके. चौघांच्या त्या घराचा वर्षभराचा सगळा चहा, दूध-पत्ती-गॅस-साखरेसह, २४५ किलोंचा आहे. एका गाईचा एक चुकलेला हंगाम एका घराच्या वर्षाच्या चहाहून जड झाला, आणि त्या तीन महिन्यांचा चारा मालकाच्या अंगावर पडला तो वेगळाच.

मंडन इथून सुरू होते. जिल्ह्याला करता येण्याजोग्या गोष्टी बहुतेक माहीत असलेल्याच आहेत. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर आणि कोरड्या कडब्यावर जनावर काढण्याऐवजी मुरघास, खनिज मिश्रण आणि तोललेले खाद्य दिले की दूध वाढते आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात मिथेनमध्ये दहा-पंधरा टक्क्यांची घट दिसलेली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य याच कामासाठी तयार केले आहे. मुक्त संचार गोठ्यात माज लवकर लक्षात येतो, पाय आणि कास निरोगी राहतात, भाकड काळ आपोआप आखडतो.

शेणाचा उपाय तर थेट चहाच्या पातेल्याखाली येतो. तीन-चार जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. रोजचा तेवढा गॅस सुमारे पाऊण ते एक किलो एलपीजीचे काम करतो, म्हणजे महिन्याला दीड-दोन सिलिंडर वाचतात. उकिरड्यावर सुटणारा मिथेन इथे जळून जातो आणि स्लरी शेतात गेली की युरियाची गोणीही कमी लागते. गावोगावी बंद पडलेल्या संयंत्रांच्या टाक्या आजही परसात दिसतात. त्या दुरुस्त करणे हे नव्या घोषणेहून स्वस्त काम आहे.

दूध संघांनी यात पुढे यावे, कारण मोजण्याची सवय त्यांच्याच हातात आहे. संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक किटलीची फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) लागते आणि त्यावर दर ठरतो. त्याच नोंदीशेजारी गाईचे वेत आणि दोन वेतांतले अंतर लिहायला काही मोठी यंत्रणा लागत नाही. ज्याचे अंतर कमी त्याला औषधोपचारात किंवा खनिज मिश्रणात सवलत द्यावी. पाणी घातलेले दूध पकडायला जी शिस्त आपण लावली, तीच इथे लावायची आहे.

पिणाऱ्याच्या हातातही थोडे आहे. कपाला पन्नासऐवजी चाळीस मिलिलिटर दूध घातले, म्हणजे दोन लहान चमचे कमी, तर १२ ग्रॅम वाचतात: मळा, कारखाना आणि वाहतूक मिळून पत्तीचा जो पूर्ण भार आहे त्याहून जास्त. हवे तेवढेच आधण ठेवणे, त्यावर झाकण ठेवणे आणि दूध उतू जाऊ न देणे या गोष्टी घरातल्या आजीने हवामानबदलाचे नाव न ऐकताही सांगितल्या असत्या.

याचा अर्थ आसामला सूट द्यावी असा नाही. तिथल्या भट्ट्यांनी कोळसा सोडला पाहिजे, मळ्यांनी नत्र मोजून टाकला पाहिजे. ते त्यांचे काम आहे आणि त्यांच्याच हातात आहे. नगरचा चहा पिणारा त्या भट्टीपर्यंत पोचू शकत नाही. लोणी, संगमनेर किंवा राहुरीच्या गोठ्यापर्यंत मात्र तो पोचतो, कित्येकदा तो गोठा त्याचाच असतो. म्हणून शाळांनी पुढच्या पर्यावरण प्रकल्पात आसामचा नकाशा काढण्याआधी मुलांना गावच्या संकलन केंद्रावर न्यावे आणि एका गाईच्या वर्षाचा हिशेब मांडायला लावावा. चहा सोडायची गरज नाही, पत्ती बदलायचीही नाही. गोठ्यातला भाकड काळ कमी करा. नगरच्या चहाचा भार उतरवण्याचा यापेक्षा मोठा उपाय जिल्ह्यापाशी दुसरा नाही.